रेनो माट्टिलांच्या भात्यातले पाच बाण

आजच्या सभेच्या अध्यक्षा श्रीमती हिल्मा कार्व्होनेन, सत्कारमूर्ती रेनो माट्टिला, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी सिल्वियाबाई आणि टॅमरॅक धनुर्धर मंडळाच्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं मिळाली आहेत आणि हिल्माबाई घड्याळ काढून बसल्या आहेत. तेव्हा खिमा भरलेल्या गरम पेस्ट्या गार होऊ देणार नाही.

या सभागृहात असा कोण आहे, ज्याचे बाण रेनोंनी जुळवून दिले नाहीत? एकतीस वर्षं आपण लाकडी धनुष्यं घेऊन त्यांच्या शेडमध्ये गेलो आणि त्यांनी प्रत्येकाला आधी बिनपिसांचा बाण मारायला लावला. मला म्हणाले होते, "एल्डन, पिसं खोटं बोलतात रे. वाकडा जाणारा बाणसुद्धा सरळ दाखवतात." बिनपिसांचा बाण डावीकडे गेला, तर दांडी ताठ आहे, टोक जड करा. उजवीकडे गेला, तर दांडी नरम पडतेय, टोक हलकं करा. एवढंच शास्त्र. पण त्यांनी बसवलेलं टोक पुन्हा कुणाला बदलावं लागलं नाही.

मी डावखुरा. माझ्या बाबतीत हे सगळं उलटं. त्यावरून त्यांनी माझी कमी थट्टा केली का? "आला आमचा आरसा!" म्हणायचे.

गेल्या वर्षी शिकारीचा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रेनोंनी मला बोलावलं. बोटं सुजली होती, गरम गोंद धरवत नव्हता. माझ्यासमोर त्यांनी बिनपिसांचा बाण मारला. तो वीतभर उजवीकडे गेला. म्हणाले, "सहा बाणांना टोकाला शंभर ग्रेन वजनाची, हलकी पाती बसव. आणि शहाणपणा करू नकोस."

मी शहाणपणा केला. उजवीकडे म्हणजे ताठ, असं वीस वर्षं माझ्या डाव्या हाताला शिकवलेलं. वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली, आता आपणच सांभाळून घ्यायला हवं. मी एकशे साठची, जड पाती बसवली. दिसायला सारखीच. आधीच नरम पडणारा बाण मी आणखी नरम केला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वीस पावलांवर उभं असलेलं अस्वल, आणि रेनोंचा बाण छातीऐवजी मागच्या मांडीत. तीन दिवस दलदल तुडवली, सापडलं नाही. रेनोंनी भाता खुंटीला लावला आणि म्हणाले, "माझा हात गेला." त्या हातासाठी आज हा निरोप आहे. घर विकून ते मुलीकडे चाललेत.

मला माझी चूक पंधरा दिवसांनी कळली, एका उजव्या हाताच्या माणसाचे बाण जुळवताना. गाडी काढून त्यांच्या दारापर्यंत गेलो. दिवा दिसत होता. परत आलो. भित्रा आहे मी, हे आज सगळ्यांसमोर सांगतो.

आजही कदाचित गप्प बसलो असतो. पण हे भाषण सुरू होण्याआधी रेनोंनी आपलं धनुष्य आणि उरलेल्या बाणांचा भाता हिल्माबाईंच्या मुलीला, डेनाला दिला. तुम्ही टाळ्या वाजवल्या. उद्या पहाटे हंगाम सुरू होतोय, आणि डेना दलदलीच्या काठावर बसणार आहे. ती उजव्या हाताने मारते. परवा होल्मग्रेनचा कुत्रा तिथेच कुंपणाशी फाडलेला सापडला. मातीत अस्वलाचे तीन पाय खोल उमटलेत, चौथा फरपटत गेलाय.

डेना, भाता खाली ठेव. माझ्याकडे असं बघू नकोस, ठेव आधी. त्यातला एकही बाण तू जिथे बघशील तिथे जाणार नाही.

रेनो, तुमचा हात गेला नव्हता. तुम्ही अगदी बरोबर मारलं होतं.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, अध्यक्षाबाईंनी वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची आपली रीत. पण ती क्षमा तुमच्याकडे मागून काय उपयोग? ती रेनोंनी द्यायची. आणि रेनो माझ्याकडे बघतच नाहीयेत. त्यांनी सिल्वियाबाईंचा हात धरलाय आणि विचारताहेत, "आपला नातू धनुष्य घेऊन कुठे गेलाय? दुपारी मी त्याला त्या पाचांतला एक बाण दिला होता."