काहीच न करणाऱ्यांचा गट

...अहो, मला फक्त साठीच्या पुढची माणसं गोळा करायची होती हो! गोळा झाली तर नोकरी पक्की, नाही तर घरी बस, इतकं सरळ. तुम्हाला सांगते, लग्न होऊन या गावात येऊन मला वर्षही झालेलं नाही, आणि संशोधनवाल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दारोदार जाऊन सांग, 'आजोबा, संशोधनात भाग घ्या, म्हातारपणी तोल जाऊ नये म्हणून व्यायाम आहे, आणि हो, कधीही सोडता येईल!' आजोबा म्हणाले, "सोडायचंच आहे तर धरायचं कशाला?" आता यात माझं काय चुकलं?

शेवटी धावून कोण आलं? सासूबाई! "माझ्या सुनेचं काम आहे, चला गं सगळ्या!" मैत्रिणी आल्या, मैत्रिणींचे नवरे आले, मी खूश! मग डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठ्या काढल्या. निम्म्यांनी व्यायाम करायचा, निम्म्यांनी काहीच करायचं नाही, आणि काही महिन्यांनी दोघांचा तोल ताडून बघायचा. सासूबाई निघाल्या... काहीच न करणाऱ्यांत! "म्हणजे? सगळ्यांना आणलं मी, आणि मलाच काही नाही?" म्हटलं, "आई, काही न करणं हेच तुमचं काम." अख्ख्या गावासमोर! सुनेनं! सासूला! आता यात माझं काय चुकलं?

बरं, व्यायाम शाळेच्या व्हरांड्यात. व्यायामवाले भिंतीला धरून एक पाय उचलणार, आणि काहीच न करणारे समोरच्या कट्ट्यावर बसून बघणार. व्यायामवाल्या मावश्यांना वाईट वाटायला लागलं, फायदा आपणच कसा घ्यायचा, म्हणून त्या कट्ट्यावरच्यांना घरोघरी जाऊन गुपचूप शिकवायला लागल्या! मला पत्ताच नाही. सासूबाई ओट्यापाशी एका पायावर उभ्या असायच्या, मला वाटायचं रुसल्यात!

आणि मोजणीत काय? काहीच न करणाऱ्यांचा तोल व्यायामवाल्यांपेक्षा सरस! ईर्ष्येनं दुप्पट व्यायाम केलेला ना! डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करून विचारतात, "यांनी नक्की केलं काय?" सासूबाई ताठ मानेनं, "काही नाही! सुनेनं सांगितलंच होतं तसं." मग मावश्यांनीच कौतुकानं सगळं सांगून टाकलं. संशोधनातून गाव बाद, माझी नोकरी बाद... आणि सांगा ना, माणसं तर सगळी सुधारली, मग यात माझं काय चुकलं?

घरी येऊन रडवेली होऊन बसले. म्हटलं, "आई, आता मला काहीच काम नाही हो."

"एवढंच ना?" सासूबाई म्हणाल्या. "काहीच न करणं कसं असतं, ते मी शिकवते तुला. ऊठ. आधी एक पाय उचल."