चाक जरा उजवीकडे

तळ्यावरच्या धक्क्यावर, बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा जावई.

"आई, पाटी वाचलीत? बोट शंभर वर्षांची आहे. यंदा नवं इंजिन बसवलंय."

"दहा इंजिनं बसवा, जावईबापू. ती डावीकडेच ओढणार."

"का बरं?"

"सुटे भाग करून डोंगरापलीकडून आणली हिला. इथे जोडताना माझ्या आजोबांनी डावीकडचा पत्रा बोटभर पुढे ठोकला."

"मग काढून नीट नाही बसवला?"

"चूक कबूल करतील तर आजोबा कसले! कप्तानाला ठणकावून सांगितलं, या बोटीचं चाक जरा उजवीकडेच धरायचं. पद्धत आहे."

"काहीतरीच तुमचं!"

बोट धक्क्याला लागली. आजींनी हाक मारली, "कप्तान, चाक कसं धरता हो?"

"जरा उजवीकडे, आजी. का ते विचारू नका, पद्धत आहे."