आमच्याच वसाहतीचा फीडर

...आणि वर मलाच विचारतात, "लाइट कधी येणार?" अहो, मी काय ती खिशात घालून बसलोय? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं सबस्टेशनात ऑपरेटर आहे, पण एका माईच्या लालानं कधी फोन करून "आज लाइट आहे हो, बरं वाटतंय" असं म्हटलेलं नाही! लोकांना वाटतं, आम्ही आत बसून वीज बनवतो. बनवत नाही हो! ती येते लांबून, मोठ्या तारांवरून, तेहतीस हजार व्होल्टची, पिसाळलेली... आमचा ट्रान्सफॉर्मर तिला जरा थंड करतो, अकरा हजारांवर आणतो, मग तिच्या तीन वाटा, म्हणजे तीन फीडर. एक हॉस्पिटल आणि पाण्याच्या पंपांकडे, एक बाजाराकडे, एक आमच्या वसाहतीकडे. थोरली सून सगळ्यांना वाढते आणि बोलणीही तीच खाते ना, तसं आमचं सबस्टेशन!

तर त्या दिवशी दुपारचे अडीच. दोन ट्रान्सफॉर्मरपैकी एक सकाळीच बंद पडलेला, सगळा भार उरलेल्या एकावर! बाजार चार तास बंद ठेवून नुकताच चालू केलेला. त्या चार तासांत शिंपी, बर्फवाला, औषधवाला, सगळे एकाच सुरात, "लाइट कधी येणाऽऽर?" आली, तर इकडे ट्रान्सफॉर्मरच्या तापलेल्या तेलाचा काटा वर, वर, वर... घंटा वाजायला लागली. मोठ्या साहेबांचा फोन. "एक फीडर काढा, लगेच! नाहीतर हाही जळेल आणि आठवडाभर सगळे अंधारात बसाल." म्हटलं, "कुठला काढू, साहेब?" तर म्हणाले, "तिथं तुम्ही बसलाय की मी?" आणि ठेवला फोन!

आता नेमकी तीन वाजता माझ्या लेकीची मुलाखत. घरी, कॉम्प्युटरवर. दोन वर्षं नोकरी शोधतेय पोर. सकाळी निघताना म्हणाली, "बाबा, आज तेवढी लाइट घालवू नका हं." मी छाती फुगवून म्हणालो, "मी असताना?"

काय करायचं, सांगा! हॉस्पिटल काढू? बाजार काढू? औषधवाल्याचे फ्रीज आत्ता कुठे गार व्हायला लागलेत... उरलं कोण? तुम्हाला सांगतो, या हातानं हजार वेळा स्विच फिरवलाय, पण त्या दिवशी धरला तो आमच्याच वसाहतीचा. फिरवला. खाट्!

तीन वाजून दोन मिनिटांनी फोन. आमच्याकडे रेंज फक्त जिन्यात, तीही बोलण्यापुरती, तर बायको जिन्यातून ओरडतेय, "अहो, लाइट कधी येणार?" म्हटलं, "भार उतरला की." "पण घालवली कुणी?" आता काय सांगू? म्हटलं, "मीच." मग मागून लेकीचा आवाज, "आई, राहू दे. बाबांना नको विचारूस." शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं हो...

सव्वाचारला लाइट दिली. मुलाखत गेली ती गेली. पण पोरगी खमकी, त्या लोकांना खरं काय ते कळवलं. त्यांनी पुढच्या गुरुवारी अकराची वेळ दिली. मी सरळ रजा टाकली! बदलीवाल्याला "आज वसाहत काढू नको" असा एक शब्द बोललो नाही. बोलणार कुठल्या तोंडानं? घरी पंख्याकडे टक लावून बसलो. अकरा वाजले. पंखा फिरतोय. पडद्यावर तीन साहेब. "स्वतःबद्दल सांगा." लेक म्हणाली, "माझे वडील..." आणि पडदा काळा! मी ताडकन उठलो, वर बघतो तर पंखा गरगर फिरतोय! म्हणजे?

लाइट त्यांच्याकडची गेली होती.

बायको म्हणाली, "तिकडे कोण बसलंय? तुमचा भाऊबंद?" लेक हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली. आणि मला त्या माणसाचा धड रागसुद्धा येईना हो! असेल बिचारा, त्यालाही साहेब म्हणाला असेल, तिथं तुम्ही बसलाय की मी...

संध्याकाळी त्या लोकांचा निरोप आला, "पुढची तारीख कळवतो." त्याला झाले दोन महिने. कळवतील... तिकडे लाइट आली की कळवतील!