व्यंकटच्या नावानं

(शाळेच्या सभागृहामागची खेळाच्या सामानाची खोली. बाहेर माईकवर सत्कार चालू. आत तिघं : खेळाचे चंद्रप्पा सर, दहावीतला देविदास, आणि ग्यारेजच्या कपड्यात रियाज.)

रियाज : 'तुझ्यामुळं शाळेचा निकाल खाली येतोय, दाखला घेऊन जा.' हेच बोलले होते ना हेडसर? नववीत. तुम्ही बाजूलाच उभे होते सर. चपलेकडं बघून राहिले होते.

सर : हळू बोल. भिंतीपलीकडं पाहुणे बसलेत.

रियाज : बसू द्या. मी काय चोरी करायला आलो? तुम्हीच देविदासला ग्यारेजवर धाडलं. मला वाटलं, याद आली कुणाला तरी.

सर : आलीच की. म्हणून तर बोलावलं. हा घे टीमचा शर्ट. आधी हात धू, ग्रीस आहे.

रियाज : कशापायी?

सर : पाहुणे म्हणजे आपल्या खो-खोच्या राज्य फायनलचे मुख्य पंच. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, शेवटच्या मिनिटाला सूर मारून तीन गडी बाद करणारा तो पोरगा दाखवा. शाल मी माझ्या हातानं घालणार त्याला.

रियाज : मग दाखवा की व्यंकटला. कागदावर तोच खेळलाय.

सर : त्यांनी तोंड बघितलंय, रियाज.

रियाज : अरे वा! अरे वा रे वा!

देविदास : हसू नगं रं.

रियाज : मग काय रडू? यादीत नाव व्यंकटचं, फोटो माझा. पळालो मी, मार्क त्याला. आता शाल घ्यायला पुन्हा माझंच थोबाड पायजे. अन तो नवाब कुठं हाय?

सर : वडलांच्या क्लासमध्ये. रविवारची टेस्ट चुकवता येत नाही त्याला.

रियाज : स्वतःच्या सत्काराला पण टाइम न्हाई! एस.टी. पकडायला तरी पळालाय का तो कधी?

देविदास : खो-खोत किती गडी असत्यात ते बी ठावं न्हाई त्याला.

रियाज : तू गप. तुला कोणी विचारलं?

सर : पाच मिनिटांचं काम आहे. नाव पुकारलं की जायचं, वाकायचं, शाल घ्यायची, उतरायचं. बोलायचं काही नाही.

रियाज : नाव कोणतं पुकारणार?

सर : तुला माहीत आहे.

रियाज : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

सर : ...व्यंकट.

रियाज : हां. सर, तुम्ही ग्यारेजवर आले होते तेव्हा काय बोलले होते? 'एवढ्या मॅचेस काढून दे, मग मी बघतो तुझं.' बघितलं का? पुढच्या महिन्यात नांदेडला निवड चाचणी हाय. खेळाचं हॉस्टेल. राहणं-खाणं फुकट, शाळेत पण तेच घालतेत. मी गेलतो विचारायला, मालकाची बोलणी खाऊन. खिडकीतला बाबू बोलला, राज्यावर खेळल्याचं सर्टिफिकेट आण. मी बोललो, खेळलोय साहेब, जिंकलोय. त्यानं यादी काढली. वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा खालून वर. बोलला, झूठ बोलतो का रे? काय करू सर, गुडघ्याचा वण दाखवू त्याला?

सर : मग आता तुझं म्हणणं काय?

रियाज : दोन ओळी लिहून द्या. शाळेच्या कागदावर, शिक्क्यासकट. 'फायनल रियाज खेळला.' मग घालतो शर्ट. म्हणाल तर नाचतो पण.

सर : ते लिहिलं तर अख्खी टीम बाद. बाराही जणांची सर्टिफिकेटं रद्द होतील. खेळाडूंना मिळणाऱ्या पंचवीस वाढीव मार्कांचे अर्ज बोर्डाकडं गेलेत. अन मी... नऊ वर्षं झाली, अजून पक्का नाही मी इथं. व्यंकटचा बाप शाळेच्या संस्थेच्या कमिटीत आहे. त्यानं पोराचं नाव घाल म्हटलं, मी घातलं.

रियाज : तुमच्या नोकरीशी मला काय घेणं?

सर : माझं सोड. याला विचार.

रियाज : देव्या?

देविदास : म्या न्हाई काय बोलनार.

रियाज : बोल म्हणतो ना.

देविदास : गणित निघत न्हाई माजं. सहामाहीला अकरा पडले. त्ये पंचवीस आले तर काठावर निघंल. भूकंपात आमचं घर गेलं, माय गेली, त्याचं सर्टिफिकेट हाय चुलत्याकडं. लॅमिनेशन करून ठिवलंय. त्याच्यावर नोकरी लागती म्हनत्यात. पर दहावी पास पायजे.

रियाज : घर पडलं त्याचा कागद हाय तुझ्याकडं. मी पळालो त्याचा न्हाई.

देविदास : तू घे लिहून. खरंच सांगतो. म्या जाईन सालगडी म्हून.

रियाज : नाटक नको करू.

देविदास : नाटक न्हाई. शेवटचा खो म्याच दिला हुता तुला. तुजं बोट सुजलं हुतं, तरी उठलास. मला ठावं हाय कोन पळालं.

सर : रियाज, स्वागतगीत संपलं. आता आपलंच. घाल शर्ट.

रियाज : लई हुशार तुम्ही सर. ग्यारेजवर शिपाई धाडायचा सोडून यालाच का धाडलं, आत्ता कळलं.

सर : तसं नाही रे.

रियाज : तसंच हाय. मैदानावर एवढा डाव कधी शिकवला न्हाई तुम्ही. द्या इकडं तो शर्ट.

सर : कॉलर नीट कर. आणि पाहुण्यांनी नाव विचारलं तर...

रियाज : देव्याचे मार्क जाणार न्हाईत. बस, एवढंच. तुमच्यासाठी न्हाई, ऐकलं? शाल व्यंकटच्या घरी पोचती करा. नारळ पण.

देविदास : तुज्या अम्मीला आणू का रं? सायकलवर जातो, दोन मिन्टात. टाळ्या तरी ऐकतील.

रियाज : नको. तिला माझं नाव माहीत हाय.

सर : रियाज, बाळा, एक मिनिट...

रियाज : हात सोडा सर. निघतो मी. पुकारून राहिले.