निळ्या उजेडातला पैंजणाचा जोड

मामाला घेऊन परत विमानात बसायचं न्हाय, सांगून ठेवतो. हुपरीचा माणूस, सगळा जन्म चांदीचं पैंजण घडवण्यात गेला. हैदराबादहून कोल्हापूरला येत हुतो. आमच्या रांगेला खिडकीच न्हवती. एका बाजूला मामा, मधे मी, पलीकडं एक बाई. बाईंनी लेकीच्या लग्नाचा विषय काढला, तसा मामानं पिशवीतनं पैंजणाचा जोड काढून माझ्या मांडीवर ठेवला. तेवढ्यात विमानात निळा उजेड झाला, अन् जोड जस्तावानी काळपट दिसाय लागला.

बाई म्हणाल्या, “चांदीच आहे ना?”

मामा भडकला. हवाई सुंदरीला म्हणाला, “ह्यो दिवा बदला.”

“काका, एलईडी आहेत. वीज कमी लागते, तापत नाहीत.”

“हितं माझी इज्जत चाललीया, अन् तुम्ही वीज वाचवताय व्हय?”

विमान टेकल्यावर पांढरा उजेड झाला. जोड लखलखला. बाई खूश. “हाच द्या.”

“आता तर मुळीच न्हाय,” मामा म्हणाला. “ह्या उजेडात पत्राबी चांदी दिसतोय. खाली चला, उन्हात दावतो.”

आणि उतरल्यावर खरंच विमानाच्या पंखाशेजारी पैंजण धरून उभा राहिला. सुरक्षारक्षक शिट्टी फुंकत आला अन् मला म्हणाला, “पावणं, ह्ये तुमच्यासंगं हायत?”

मी म्हटलं, “न्हाय बा. मी ह्यास्नी आजच बघतोय.”