गोठ्यातली लाईन

—न्हाय न्हाय, खाऱ्या हवेचं नाव काढू नको! तुमचा मागचा मानूस पन तेच बोलून गेला. नेटची एक लाईन घेतली तवा बोललात, तुळशीराम, कमी पडते, दुसरी घ्या. घेतली. भाड्यानंच घेतली, फुकट न्हाय दिलीत. मंग बोललात, दोनी लाईनी एका पेटीत जोडतो, दोघींची मिळून एकच मोठी होते — दोन पाट एका खाचरात सोडावं तशी — आनि एक बंद पडली तर दुसरी वढून नेते. बोललात का न्हाय? मंग दोनी एकदम कशा मरतात? तेवढं सांग मला. नुसती मान काय हलवतोस? मान माझी म्हैस पन हलवते!

आनि मरतात कधी — बरोबर माझ्या पोराच्या मिटिंगला! प्रज्योत माझा, एकुलता एक, पुन्याच्या कंपनीत कामाला हाय, घरात बसून करतो. त्याचा सायब बोलतो, लाईन धड करा न्हायतर हापिसात येऊन बसा. येऊन बसा म्हंजे काय? म्हंजे हितनं जा! पोरगा बिचारा खोलीतनं बाहेर येतो, "गेली, बाबा" बोलतो — तोंड बघवत न्हाय त्याचं. त्याची आई तव्यावर भाकरी टाकून धावते, काय झालं रे, काय झालं. काय झालं ते तुमच्या कंपनीला विचार! काय? वीज? वीज न्हाय जात, डोक्यावर पंखा फिरत असतो. उंदीर? अरे दोन बोके पाळलेत, उंदीर कुठला!

गप. तुला बोलावलं कशाला ते ऐक आधी. तिसरी पन घेतलीय मी. व्हय, तिसरी. घरात कोनाला ठाव न्हाय. प्रज्योतला सांगितलं असतं तर बोलला असता, नको बाबा, हितं कितीबी लाईनी आना, काय होनार न्हाय. नेहमी तेच बोलतो. म्हनून तो बोर्लीला गेला होता तवा वायरवाल्याला बोलावलं आनि गोठ्यात घेतली, पेंढ्याच्या मागं. आज पन बोर्लीलाच गेलाय. तो यायच्या आत तू ती त्या दोघींत जोड, तीन पाटांचं पानी झालं पायजे, मंग बघतो कोन त्याला हापिसात बोलावतो —

काय बोललास? ती जाते का? गोठ्यातली? न्हाय. कधीच न्हाय. वैरन टाकायला जातो ना मी, तिच्या डबीवरचा हिरवा दिवा लागलेलाच असतो. काल त्याची मिटिंग मेली तवा मी तिथंच होतो, म्हशीला पानी दाखवत — हिरवा! व्हय रे, त्याच खांबावरनं येते, तीच तार, वीज पन घरातलीच, किती वेळा सांगू? मंग घरातल्याच दोनी कशा —

पेटी? पेटी त्याच्या खोलीत. मिटिंग असली का आतनं कडी लावतो. आत कोन जानार? त्याची आई पन न्हाय जात. आत तो एकटाच —

ए. असा बघू नको माझ्याकडं. माझा पोरगा तसला न्हाय. जायचं असतं तर तोंडानं बोलला असता. मी काय वाघ हाय? खातो का त्याला? हां, गेल्या लावनीला बोलला होता एकदा, पुन्याला जातो म्हनून. बॅग भरली होती. मी ती उचलून विहिरीत टाकली. मंग काय करनार? चिखलात उभा होतो मी, आनि हा भरलेली बॅग घेऊन बांधावर येतो! परत न्हाय बोलला तो. मी समजलो, पटलं त्याला...

ठेव. ठेव ती वायर खाली. जोडू नको. नको बोललो ना! ती गोठ्यातली सोड आनि तुझ्या पिशवीत टाकून घेऊन जा. आनि नीट ऐक — वाटेत भेटेल तो, गाडी थांबवून विचारेल, काय झालं. त्याला सांग, बाबांना सांगून आलोय, हितं लाईन होनार न्हाय. कितीबी जोडा, होनार न्हाय. हापिसात जावंच लागेल तुला. बाबा काय बोलले विचारलं तर सांग — काय न्हाय बोलले. आनि गोठ्याचं एक अक्षर काढलंस ना, तर तंगडं मोडीन तुझं.

उभा काय राहिलास? नीघ!