यमुनाक्काच्या पायात चपला

मी सायखेड्याचा, जातीनं कुंभार, गोदावरीच्या, आम्ही तिला गंगाच म्हनतो, तिच्या काठी माती तुडवतच मोठा झालो. बाप मडकी घडवायचा, मला मडक्यात गोडी नव्हती, मी गणपती करायचो, मग पंचवटीत आलो अन् सिमेंटचे पुतळेबी करायला लागलो. पुढाऱ्यांचे लय केले. पुढाऱ्याचा पुतळा सोपा असतो, काय सांगू तुम्हाला, टोपी अन् पोट जमलं का झालं, चेहरा कुनी बघत नाय.

तर यमुनाक्का. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, चाकं लावलेल्या फळीवर बसायची अन् हातात लाकडाचे ठोकळे धरून रस्ता रेटत जायची. पोस्टाच्या पायरीपाशी बसून आंधळ्या-पांगळ्यांचे अर्ज लिहून द्यायची. पोस्टातला साहेब म्हनायचा, बाई, सही करायला वर या. ही म्हनायची, साहेब, तुम्हीच खाली या, तुम्हाला पाय हायेत. तीन वर्षं भांडली अन् पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला. तेव्हा हेच पुढारी तिला बघितलं का मोटारीची काच वर करायचे. ती मेली, अन् वर्षाच्या आत यांची सातजणांची पुतळा समिती! मेलेलं मानूस अर्ज घेऊन दारात येत नाय ना.

समितीचे अध्यक्ष माझ्याकडं आले, म्हनले, अक्का उभी पाहिजे. मी म्हनलं, साहेब, ती जन्मात उभी राह्यली नाय. ते म्हनले, फळीवर भिकारीण वाटंल, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाय. अन् चौथरा पुरुषभर उंच. मी विचारलं, तिची मानसं वर कशी चढतील? तर म्हनतात कसे, पुतळा बघायचा असतो, चढायचं कशाला? अहो, तिची निम्मी मानसं आंधळी, ती काय बघनार? एवढी अक्कल त्या सातजणांत मिळून नव्हती. मी म्हनलं, मला नाय जमनार. बायको म्हनली, येडे झालात का, पुन्हा कोन काम देईल तुम्हाला? अन् नाय दिलं ना. पुतळ्यांचं काम बंदच झालं, गणपतीवर भागवलं.

त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. उद्घाटनाला मी गेलतो. अक्का उभी, ताठ, साडीच्या निऱ्या खालपर्यंत, अन् पायात चपला. अक्काच्या पायात चपला! तिची मानसं दोरीच्या पल्याड उन्हात बसवलेली, अन् मांडवात भाषणं, अपंगांची माउली अन् काय काय. सुमनबाई आंधळी, वीस वर्षं अक्कासोबत राह्यलेली, मला म्हनली, दादा, कशी केलीय हो? काय सांगनार? म्हनलं, सुमनबाई, ती आपली अक्का नाय.

घरी आलो अन् मातीला हात घातला. अक्का फळीवर बसलेली, मांडीवर कागद, हातात पेन, फळी जमिनीलाच टेकलेली, म्हंजे सरपटत येनाऱ्याचा हातबी खांद्याला पोचंल. सिमेंटात ओतायच्या आधी सुमनबाईला बोलावलं. तिनं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं अन् हसली, म्हनली, नाक तिचंच. मी फुगलो. मग हाताशी थांबली. म्हनली, दादा, ही उजव्या हातानं लिहिते? अक्का डावरी होती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं या डोळ्यांनी तिला लिहिताना बघितलेलं, अन् अक्कल काढतोय दुसऱ्याची! दोन्ही हात तिथंच मोडले, पुन्हा केले. पुन्हा सुमनबाईनं बोटं फिरवली, त्या डाव्या हातावर डोकं टेकलं अन् रडली, तवाच ओतला.

सुमनबाई अन् बाकीची मानसं खुर्च्या विनतात, त्या शेडच्या अंगनात बसवलाय. अंगनाला पायरी नाय, उंबरा नाय. येनारा-जानारा हात लावतो, खांदा गुळगुळीत झालाय, पेन धरलेली बोटं दोनदा तुटली, मीच बसवली. समितीचे लोक वर्षातून एकदा शिडी लावून त्यांच्या बाईला हार घालतात, बाकी वर्षभर तिकडं कुत्रंबी जात नाय.

आता माझे गुडघे गेलेत, बसूनच काम करतो. त्या सातजणांना देवानं एक दिवस फळीवर बसवावं, असं मी म्हनत नाय. मनात येतं, खोटं कशाला बोलू. पन नाय म्हनत. सुखी राहोत बापडे.